टनामागचा रुपया आणि न विचारलेलं मत

२०२५-२६ चा गाळप हंगाम सुरू होण्याआधी मंत्री समितीची बैठक झाली आणि उसाच्या दर टनामागे १५ रुपये घ्यायचं ठरलं. १० रुपये मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ रुपये पूरग्रस्तांना. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्याने शेतंच्या शेतं खरवडून नेली होती, त्यामुळे मदत करायला कोणाचाच नकार नव्हता. वाद पेटला तो पैसे कोणाचे यावरून. शेतकरी संघटना म्हणाल्या, ही वसुली शेवटी शेतकऱ्याच्याच उसातून होणार. सरकारकडून खुलासा आला की शेतकऱ्याच्या बिलाला हात लागणार नाही, रक्कम कारखान्यांच्या नफ्यातून घेतली जाईल. बरेच दिवस पुण्यातल्या साखर संकुलापासून गावच्या पारापर्यंत हेच चाललं होतं. या सगळ्या गदारोळात एक साधी सूचना मला कुठे ऐकू आली नाही: शेतकऱ्याला विचारा.

आमचा ऊस दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. मी हडपसरला राहतो, शेत भाऊ बघतो. वडील होते तोवर हंगाम संपला की उसाचं बिल घेऊन ते ओसरीवर बसायचे आणि एकेक रकाना मला मोठ्याने वाचायला लावायचे. टनेज, दर, सोसायटीची वसुली, पाणीपट्टी, भागविकास निधी, ठेव. ठेवीतही दोन जाती, परतीची आणि बिनपरतीची. बिनपरतीची ठेव म्हणजे काय, असं मी सातवीत असताना विचारलं होतं. परत न येणाऱ्या पैशाला ठेव का म्हणतात, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. सगळ्यात शेवटी ‘इतर कपात’ असा एक रकाना असायचा. त्यावर त्यांचं बोट थांबायचं. एका वर्षी कारखान्याच्या वार्षिक सभेत उठून त्यांनी या ‘इतर’मध्ये काय काय येतं ते विचारलं. अध्यक्ष म्हणाले, अहवालात छापलंय, वाचा. मागून पाचपन्नास आवाज उठले, ‘मंजूर, मंजूर’. विषयपत्रिकेवरचे उरलेले आठ विषय पुढच्या दहा मिनिटांत संपले. वडील घरी आले आणि अहवाल उघडून बसले. त्यात ‘इतर’ला ‘इतर’च म्हटलेलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की आहे. कपात असावी की नसावी, हा माझा प्रश्न नाही. शेतकऱ्यांच्या सामाईक कामासाठी शेतकऱ्यांकडूनच सक्तीने पैसे घ्यायचे असतील, तर त्या सक्तीला ठरावीक वर्षांनी त्यांची संमती घ्यायला हवी, तीही गुप्त मतदानाने. आणि त्या मतपत्रिकेवर ‘शून्य’ हा पर्याय असायला हवा.

सक्तीचं मला वावडं नाही, हे आधी सांगतो. उसाची नवी जात तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. एकदा ती शेतात आली की बेणं या बांधावरून त्या बांधावर जातं. संशोधनाला पैसा दिलेल्याच्याही शेतात ते उगवतं आणि न दिलेल्याच्याही. नव्वदच्या दशकात को ८६०३२ ही उसाची जात महाराष्ट्रात आली. आमच्या रानात आजही बहुतेक तीच उभी आहे. तिच्यासाठी आम्ही वेगळा रुपया कधी मोजला नाही. असा फायदा कोणाला वगळून वाटता येत नाही, म्हणून वर्गणी ऐच्छिक ठेवली तर जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. सामाईक विहिरीचा गाळ काढायला एकानेच उतरावं आणि पाणी सगळ्यांनी प्यावं, असं फार दिवस चालत नाही. तेव्हा सगळ्यांकडून थोडं थोडं घेणं योग्यच आहे.

पुण्याइतकं हे दुसरीकडे क्वचित कळेल. सोलापूर रस्त्याने हडपसर सोडलं की मांजरी लागते. तिथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झालेली. जवळच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि द्राक्ष बागायतदार संघाचं आवारही तिथेच. द्राक्षवाल्यांचा संघ १९६० पासून ऐच्छिक सभासदत्वावर चालत आलाय. छाटणी कधी, डाऊनी रोग आला तर काय, निर्यातीला कोणतं औषध चालतं, हे बागायतदाराला तिथून थेट मिळतं. बाग महागडी, चूक परवडत नाही, म्हणून तो आपण होऊन वर्गणी भरतो. अंड्यांचंही तसंच. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली पोल्ट्रीवाल्यांनी एकत्र येऊन उभी केली, मुख्यालय पुण्यात, आणि संडे-मंडेची जाहिरात देशभर पोचवली. कायद्याची सक्ती नसतानाही हे होऊ शकतं. पण उसात लाखो शेतकरी, एकेकाचं एक-दीड एकर रान, आणि कारखान्याला ऊस घातला की हिशोब संपला. तिथे ऐच्छिक वर्गणी गोळा होणार नाही. म्हणूनच साखर कारखाने गाळपाच्या टनामागे एक रुपया वसंतदादा इन्स्टिट्यूटला देतात. राज्यात एखाद्या हंगामात १० कोटी टन ऊस गाळला गेला, तर तो एक रुपया १० कोटींचा होतो. आमच्या दोन एकरांत ८० टन निघाला, तर आमचा वाटा ८० रुपये. ८० रुपयांत एवढं संशोधन होत असेल तर ते स्वस्त आहे, असंच मी म्हणेन.

पण ते मी म्हणेन. मला कोणी विचारलेलं नाही.

इथे नेहमीचं उत्तर येतं की हा पैसा कारखान्याचा, शेतकऱ्याचा नव्हेच. हे उत्तर मला पटत नाही. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा दर) टनाला ३,५५० रुपये आहे, तीही तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात पडते. ही किमान किंमत. तिच्या वर शेतकऱ्याला काही मिळायचं असेल, तर ते कारखान्याच्या उरलेल्या पैशातूनच मिळतं. कारखान्याच्या खिशातून रुपया गेला की ‘वर मिळायची’ शक्यता रुपयाने कमी झाली. सहकारी कारखान्यात तर नफा म्हणजे सभासदाचाच नफा. बाजार समितीतही हेच घडतं. सेस, म्हणजे बाजार शुल्क, कागदावर खरेदीदार भरतो. पण मार्केट यार्डातला व्यापारी कांद्याची बोली लावताना सेस, हमाली, तोलाई सगळं मनात धरूनच आकडा सांगतो. रकाना कोणाच्या नावाचा आहे, याला महत्त्व नाही. माल कोणाचा, ते बघायचं.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एक रेघ ओढलेली आहे. पंजाबच्या बाजार समित्यांनी शुल्क वाढवत नेऊन तीन टक्के केलं, तेव्हा १९७९ मध्ये केवल कृष्ण पुरी खटल्यात न्यायालयाने ती वाढ रद्द केली. शुल्क म्हणून घेतलेल्या पैशाचा मोठा आणि ठोस भाग ज्याच्याकडून घेतला त्याच्या सेवेला लागला पाहिजे, असं त्या निकालाचं म्हणणं. पुढे या तत्त्वाला बरीच मुरड घातली गेली, तरी गाभा उरतो: कर आणि सामाईक वर्गणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर कसा लावायचा हे विधानसभा ठरवते, तिला आपण मत देतो. पण एकाच पिकाच्या शेतकऱ्यांकडून त्याच पिकाच्या भल्यासाठी म्हणून घेतलेली वर्गणी त्या पिकाच्या शेतकऱ्यांना विचारून घ्यायला नको का?

जगात हे कुठे होतच नाही, असं नाही. न्यूझीलंडमध्ये १९९० चा एक कायदा आहे. त्याखाली लावलेली पिकाची किंवा जनावरांची लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, सहा वर्षांनी आपोआप संपते. पुढे चालू ठेवायची असेल तर उत्पादकांचं मतदान घ्यावं लागतं, आणि पाठिंबा दोन्ही मापांनी निम्म्याहून जास्त असावा लागतो: मत देणाऱ्यांच्या डोक्यांनी आणि त्यांच्या उत्पादनानेही. २००९ साली तिथल्या मेंढपाळांनी मांसाची लेव्ही ठेवली आणि लोकरीची काढून टाकली. एकाच घरातले तेच लोक, तीच मेंढरं, पण एका कामाला हो आणि दुसऱ्याला नाही. २०१४ मध्ये लोकरीची लेव्ही परत आणायचा प्रयत्न झाला, तोही मतदानात पडला. ऑस्ट्रेलियात लोकर उत्पादक दर तीन वर्षांनी मत देतात. मतपत्रिकेवर शून्यासह वेगवेगळे दर असतात आणि पसंतीक्रम लावायचा असतो. २०१८ मध्ये त्यांनी दर दोन टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणला. तिथे लेव्हीपोटी भरलेल्या दर १०० डॉलरला एक मत मिळतं. ज्याची मेंढरं जास्त, त्याची मतं जास्त.

ब्रिटनची गोष्ट मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. तिथे लेव्ही भरणाऱ्यांपैकी पाच टक्क्यांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. २०२१ च्या सुरुवातीला भाजी-फळवाल्यांनी मत दिलं, ६१ टक्के ‘नको’. बटाटेवाल्यांनी मत दिलं, ६६ टक्के ‘नको’. लेव्ही बंद झाली. त्याबरोबर सटन ब्रिजचं बटाटा साठवणुकीवरचं संशोधन केंद्रही बंद पडलं. आंबेगावच्या सातगाव पठारावरच्या बटाटेवाल्याला विचारा, काढणीनंतर बटाटा टिकवणं म्हणजे काय असतं ते. असं केंद्र एका मतदानात जातं, हे वाचून वाईट वाटतंच. मतदानाच्या विरोधकांच्या हातात हे उदाहरण आयतं आहे: बघा, शेतकऱ्याला विचारलं तर तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

मी ते वेगळं वाचतो. दोन तृतीयांश लोक ‘नको’ म्हणेपर्यंत ती लेव्ही घेणाऱ्या संस्थेला आपण कोणासाठी काम करतोय याचा विसर पडला होता. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, उरलेल्या पिकांच्या आणि दुधा-मांसाच्या उत्पादकांकडे ती संस्था स्वतः गेली आणि तुमच्या पैशाचं काय करू, कोणत्या कामाला आधी हात घालू, हे मतदानाने विचारलं. हरलेल्या मतदानाने तेवढं केलं. ज्या संस्थेला पैसे नेहमी मिळणारच असतात, ती बांधावर का जाईल? आमच्या गावात हुमणी किडीने दोन हंगाम खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) बसवला. पिवळी पडलेली बेटं हाताने ओढली की सहज उपटून यायची, मुळं खाल्लेली. त्या दोन वर्षांत कोणत्याही संस्थेचा माणूस आमच्या शिवारात आला नाही. तो यायलाच हवा होता असा माझा दावा नाही, राज्य मोठं आहे. पण पाच वर्षांनी मत मागायला यायचंय, हे माहीत असतं तर तो आला असता, याबद्दल मला शंका नाही.

मतदान घेऊन ते पाळलं नाही तर काय होतं, तेही पाहू. अमेरिकेत २००० साली वराहपालकांनी लेव्हीविरुद्ध मत दिलं: १५,९५१ विरोधात, १४,३९६ बाजूने. सरकार बदललं, प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि लेव्ही चालूच राहिली. आपल्याकडे मतदान सुरू होईल तेव्हा निकाल ‘शिफारस’ म्हणून मंत्रालयात जाणार असेल, तर ते न केलेलंच बरं. विचारून डावललेला माणूस न विचारलेल्यापेक्षा जास्त दुखावतो.

आता मला जिथे खरी अडचण दिसते तिथे येतो. टनामागच्या सगळ्या रकमा एका माळेत ओवता येत नाहीत. पूरग्रस्तांच्या मदतीला मी मतदान लावणार नाही, कारण ती रक्कम उसावर असायलाच नको. पूर आला तर मदत सगळ्या राज्याने करायची. आयटी पार्कातल्या पगारदाराने आणि मॉलवाल्यानेही. एका पिकाच्या गाळपावर ती बसवायची आणि गाळप परवान्याशी जोडायची, हे सोयीचं आहे म्हणून केलं जातं. न्याय्य आहे म्हणून नव्हे.

ऊसतोड कामगारांसाठीची रक्कम ही याहून नाजूक गोष्ट आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला १० रुपये घेतले जातात. उद्या ऊस उत्पादकांचं मतदान घेतलं आणि तिथे शून्याला बहुमत मिळालं तर? मिळू शकतं, मी माझ्या गावाला ओळखतो. तरीही याबाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ही रक्कम मतदानाला टाकता येणार नाही. बीडहून आलेल्या जोडप्याने पहाटे चार वाजता थंडीत कोयता हातात घेतला म्हणून माझा ऊस कारखान्यात पोचतो. त्यांच्या मुलाची शाळा, त्यांचा विमा, त्यांची औषधं हा त्यांच्या मजुरीचाच राहिलेला भाग आहे. दुसऱ्याच्या घामाची किंमत द्यायची की नाही, यावर मत द्यायचा अधिकार मला नाही. ती रक्कम पोचते की नाही, याचा हिशोब मागायचा अधिकार मात्र आहे. त्या कामगारांना तर माझ्याआधी.

म्हणजे मतदानाला उरतं ते उत्पादकांचं स्वतःचं सामाईक काम: संशोधन, बेणं, माती-पाण्याची तपासणी, उत्पादकांच्या संघटना आणि संकुलांची देखभाल. रक्कम लहान आहे. म्हणूनच सुरुवात तिथून करता येईल. संशोधनाच्या एका रुपयावर राज्यातल्या सगळ्या ऊस उत्पादकांचं मतदान घ्या. पर्याय ठेवा: शून्य, पन्नास पैसे, एक रुपया, दोन रुपये. मुदत पाच वर्षं. पाच वर्षांनी पुन्हा विचारलं नाही तर वसुली आपोआप बंद.

माणशी एक मत की टनाला एक? गावात मी हा विषय काढला तेव्हा याच्यावरच रात्रीचे अकरा वाजले. ५०० टन घालणारा म्हणतो, पैसा माझा जास्त जातो. १५ टनवाला म्हणतो, तुझा जातो तो मिळकतीतून, माझा जातो तो पोटातून. आपल्या सहकाराची रीत एक माणूस, एक मत अशी आहे, शेअर कितीही असोत. ती रीत आयती मिळालेली नाही. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. कारखाना भांडवलाचा नव्हे, माणसांचा, हा त्यातला विचार होता. नुसतं टनेज मोजलं तर दहा घरांनी पाचशे घरांवर रुपया बसवायचा, असं होईल. नुसती डोकी मोजली तर पाच गुंठे ऊस नावापुरता लावणारे शंभर जण दुसऱ्याच्या पैशाचा दर ठरवतील. न्यूझीलंडची दुहेरी चाळणी मला म्हणून पटते. डोक्यांनीही निम्म्याहून जास्त आणि टनांनीही. दोन्हींपैकी एकाने नाही म्हटलं तर वसुली नाही. जो घेतो त्याने दोघांनाही पटवावं. ओझं त्याच्यावरच असायला हवं.

मतदान कुठे घ्यायचं, यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. कारखान्यात नको, गट ऑफिसात नको, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या हातून तर मुळीच नको. ऊस ज्याने लावलाय त्याला कारण सांगावं लागत नाही. तोड कधी मिळणार, हे कारखान्याच्या हातात असतं. फेब्रुवारीत तोड मिळाली तर ठीक, एप्रिलवर गेली तर ऊस वाळतो, वजन घटतं, आणि टोळीवाला वरून ‘खुशाली’चे पैसे मागतो. माझा ऊस उभा आहे आणि मी कोणत्या पर्यायावर खूण केली हे शेतकी अधिकाऱ्याला कळण्याची शक्यताही असेल, तर माझं मत मोकळं नाही. हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आणि कारखान्याच्या आवाराबाहेर मतदान व्हायला हवं.

खर्चाचा मुद्दा नेहमी निघतो. बाजार समित्यांत तो निघाला होताच. २०१७ मध्ये कायदा बदलून दहा गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत तीनदा माल घातलेल्या शेतकऱ्याला समितीच्या निवडणुकीत थेट मत मिळालं. २०२० मध्ये ते काढून घेतलं गेलं, खर्च झेपत नाही हे त्यातलं एक मोठं कारण होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणे बाजार समितीची निवडणूक झाली, सुमारे दोन दशकांच्या प्रशासक राजवटीनंतर, आणि शेतकऱ्यांच्या जागांसाठी मत होतं सोसायट्यांच्या संचालकांना आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांना. हडपसरच्या भाजीवाल्याला माल देणारा शेतकरी उमेदवाराच्या मांडवाबाहेरच उभा राहिला. खर्च खराच आहे, मी तो नाकारत नाही. पण महाराष्ट्र २७ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका घेतो. उसाची तर नोंद असते. कोणाचं किती क्षेत्र, कोणती जात, कोणत्या तारखेची लागण, किती टन काट्यावर आला, हे सगळं कारखान्याच्या संगणकात आधीच आहे. १० कोटींच्या वसुलीसाठी पाच वर्षांतून एकदा पोस्टाने मतपत्रिका पाठवायला पैसे नाहीत, हे मी मानणार नाही.

खाजगी कारखान्यांचा विचार केला तर हे काम आणखी निकडीचं वाटतं. राज्यातले निम्म्याच्या आसपास कारखाने आता खाजगी आहेत. सहकारी कारखान्याला ऊस घालणारा निदान सभेला जाऊन उभा तरी राहू शकतो, ‘मंजूर, मंजूर’च्या गलक्यात का होईना. खाजगीला ऊस घालणाऱ्याला सभाच नाही. त्याच्या उसामागून जाणाऱ्या रुपयाबद्दल बोलायला त्याला आज एकही जागा नाही.

मतदार यादीची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे माझा प्रस्ताव अजून अपुरा आहे. उसाची नोंद ज्याच्या नावाने, तो मतदार, असं म्हटलं की सोपं वाटतं. पण आमच्याकडे वाट्याने ऊस करणारे आहेत, त्यांची कुठे नोंद नाही. आणि बायका. खुरपणी, पाणी, खत टाकणं, खोडव्याचं पाचट, सगळ्यात त्या, आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा मुलाचं. चाकणजवळच्या आंबेठाणला राहून शेतकरी संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, नवऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. सरकारनेही १९९२ साली त्यासाठी आदेश काढला. आमच्या गावात त्याचा लाभ किती घरांनी घेतला, हे मी हाताच्या बोटांवर सांगू शकतो.

गेल्या महिन्यात मी आईला बसवून हे सगळं सांगितलं. शून्य, पन्नास पैसे, एक रुपया, दोन रुपये. तिने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘हुमणीवर काही निघणार आहे का त्यातून?’ मी म्हटलं, ते काम चालतं. म्हणाली, ‘मग दोन टाक. पण पुढच्या साली कोणी येऊन सांगायचं, काय निघालं ते.’ मी कागदावर दोन रुपयांपुढे खूण केली आणि तेव्हा लक्षात आलं की आमच्या उसाची नोंद भावाच्या नावावर आहे. माझ्या यादीप्रमाणे आईला मत नाही. वाटेकऱ्यांसाठी आणि तिच्यासारख्यांसाठी नोंदीत ‘कसणारे’ असा दुसरा रकाना उघडायचा, तलाठ्याच्या नव्हे तर ग्रामसभेच्या खात्रीवर, एवढं मी सध्या सुचवतो. याहून नेमकी तोड कोणाला दिसत असेल तर ती मला हवी आहे.